यंत्रमागावरच्या साडीला 'पैठणी' म्हणावं का?

मोरपंखी: भाचीच्या लग्नासाठी साड्या बघत होते. एकाच दुकानात बाराशेची 'पैठणी' आणि पस्तीस हजारांची 'पैठणी', लेबलवर नाव तेच! पैठणीला भौगोलिक मानांकन आहे ना, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव? मग यंत्रमागाच्या साडीला हे नाव लावायला सरळ बंदी हवी.

साधीसुधी: अजिबात पटलं नाही. माझ्या आईने लग्नानंतर तीस वर्षांत एकदाच पैठणी नेसली, तीही मावशीकडून मागून. आता तिच्या कपाटात दोन सेमी पैठण्या, म्हणजे यंत्रमागावरच्या स्वस्तातल्या, आहेत. संक्रांतीला हौसेने नेसते. ही पैठणी नव्हेच, असं तिला कोणी सांगायचं? काठापदराचे मोर काय फक्त श्रीमंतांचे?

धोटा: आमचं घर येवल्यातलं, घरात दोन माग. ताई, तुमच्या आईंच्या साडीवर माझा राग नाही. पण काम काय असतं ते सांगतो. पारंपरिक पदरात प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, वेगळी. उभे धागे मोजून ती हाताने घालायची, शेजारच्या रंगात अडकवायची, परत फिरवायची. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. (हातमागावर जेकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारं साधन, लावून विणलेल्या नक्षीदार ब्रोकेड कापडालाही मागे धागे असतात, तेव्हा तेवढ्यावरून हातमाग नाही असं ठरवू नका.) भरगच्च पदराला महिनेच्या महिने जातात. आणि व्यापारी माझ्या भावाला म्हणतो, "गिऱ्हाईक अशीच दीड हजारात बघून आलंय, भाव उतरव." नुकसान होतं ते इथे.

मोरपंखी: दुकानदाराने मला सिल्क मार्क दाखवला होता. मला वाटलं, झाली खात्री.

धोटा: तो फक्त रेशीम शुद्ध असल्याची खूण. हाताने विणली की यंत्रावर, ते त्यावरून कळत नाही. हातमागाची खूण वेगळी, २००६ पासून आहे. ती मागा.

साधीसुधी: हे मला माहीत नव्हतं. बंदीला माझा विरोध कायम आहे. पण 'यंत्रमाग' हा शब्द नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापायची सक्ती करा, माझा पाठिंबा. आत्ताच आईला विचारलं, तसं लिहिलेलं असतं तर घेतली असतीस का? म्हणाली, "घेतली असती की. रंग आवडला होता."