पहिलं ओपन वॉटर कार्ड: मालवण, अंदमान की थेट थायलंड?

खारावारा (धागाकर्ता)
दिवाळी झाली, मालवणच्या होड्या पाण्यात गेल्या की दरवर्षी तोच प्रश्न येतो: "स्कुबाचं सर्टिफिकेट काढायचंय, तारकर्लीला जाऊ की अंदमानला?" माझं मत ठाम आहे. नवशिक्याने पहिलं कार्ड अंदमानात घ्यावं, स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला. मालवणात नको.

आधी नेहमीचा गोंधळ मिटवू. किल्ल्याजवळ होडीतून नेतात, गाईड मागून सिलिंडरची मान धरून पंधरा-वीस मिनिटं फिरवतो, मासे आणि व्हिडिओ दाखवतो, ते सर्टिफिकेट नव्हे. ती नुसती चव. कार्ड म्हणजे ओपन वॉटर डायव्हर: प्रशिक्षकाशिवाय, जोडीदाराबरोबर, 18 मीटरपर्यंत जाण्याची परवानगी. पॅडी ही डायव्हिंग शिकवून कार्ड देणारी संस्था, तिच्या अभ्यासक्रमात त्यासाठी थिअरीचे पाच भाग, 50 प्रश्नांची परीक्षा (75 टक्क्यांना पास), उथळ पाण्यातली पाच सत्रं आणि समुद्रात चार डाइव्ह लागतात. शिवाय न थांबता 200 मीटर पोहणं (वेळेची अट नाही) आणि 10 मिनिटं तरंगत राहणं. एसएसआय ही तशीच दुसरी संस्था, तिची मांडणी थोडी वेगळी, पण कार्डाची पातळी तीच, आणि दोन्ही कार्डं जगभर चालतात. त्यामुळे "पॅडी की एसएसआय" यावर इथे डोकं लढवू नका.

अंदमान का? व्हिजिबिलिटी. मालवणात चांगल्या दिवशी चार-सहा मीटर दिसतं, वाऱ्याच्या दिवशी त्याहून कमी. तरंगणं शिकताना डोळ्यांना आधार लागतो, तळ कुठे आहे, आपण वर सरकतोय की खाली हे कळायला. हिरव्या धुक्यात ते कळत नाही. माणूस बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) हवा भरत जातो आणि अचानक वर निघतो. दुसरं म्हणजे खोली. किल्ल्याजवळ पर्यटकांना जिथे उतरवतात तिथे बऱ्याचदा पाच-सात मीटरच पाणी असतं. नियंत्रित आपत्कालीन वर येणं, म्हणजे हवा संपली असं धरून हळू श्वास सोडत वर येणं, हा सराव 6 ते 9 मीटरवरून करायचा असतो. पाचावरून तो होत नाही, मग "केला असं समजू" होतं.

तळकोकणी
ह्यां काय बरोबर नाय, खारावारा. मालवण म्हटलं की तुम्ही पर्यटकांची होडीच धरून बसता. कोर्सवाल्यांना त्या जागेवर नेतच नाहीत. समुद्र शांत असेल तर आणखी बाहेर, खोल पाण्यात जातात.

आणि तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिची टाकी सुमारे 8 मीटर खोल आहे. हॉटेलचा तलाव दीड मीटरचा असतो. त्यात मास्क काढून पाणी झटकता येतं, पण कानावरचा दाब, बीसीडी आकसणं, खोलीवर श्वास जड होणं यातलं काहीच शिकायला मिळत नाही. टाकीत ते मिळतं, तेही लाटा आणि करंटशिवाय. बॅच कधी आहे ते मात्र आधी विचारून घ्या, कोर्स रोज चालत नाही.

गढूळ पाण्याचा मुद्दाही उलटा वाचा. चार मीटरच दिसत असेल तर जोडीदार हाताच्या अंतरावर ठेवावाच लागतो, हवा आणि खोली दाखवणारा गेज सारखा बघावा लागतो. अंदमानात शिकलेला माणूस वीस मीटर पुढे पोहत जातो आणि मागे वळून बघत नाही. पुढे कोकणात डाइव्ह करायचीच नाही असं ठरवलंय का?

पुणेरी_फिन्स
दोघेही जागेवरून भांडताय. माझ्या मते प्रश्न समुद्राचा नाहीच, पूलमध्ये किती तास मिळतात याचा आहे. अंदमानात बहुतेक लोक सुट्टीचे मोजके दिवस घेऊन जातात. त्यातल्या साडेतीन दिवसांत सगळं बसवायचं. अनेक ठिकाणी उथळ सत्रंही पूलऐवजी समुद्रातच, किनाऱ्याजवळ नेमो रीफच्या बाजूला होतात. भरती-ओहोटी सोयीची नसेल तर ती आटोपती घेतली जातात. एखाद्याला मास्कची भीती असेल तर तिथे त्याच्यासाठी जादा दिवस कुणाकडे असतो?

म्हणून मधला रस्ता: थिअरी ऑनलाइन, उथळ सत्रं पुणे-मुंबईच्या पूलमध्ये दोन वीकेंड घालून, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह अंदमानात. याला रेफरल म्हणतात. कागद नीट घ्या: कोणती सत्रं झाली, तारखा, प्रशिक्षकाची सही आणि क्रमांक. पॅडीत हा कागद शेवटच्या सत्रापासून 12 महिने चालतो. अंदमानच्या दुकानाला निघण्याआधी मेल करून विचारा की रेफरल घेता का, आणि किती फी कमी करता. काही जण पूर्ण कोर्सचेच पैसे लावतात, मग फायदा वेळेचा उरतो, पैशाचा नाही.

खारावारा
पूलचा मुद्दा मान्य. पण पूल गोडा, समुद्र खारा. बुडण्यासाठी अंगाला वजनं बांधतात, ती पूलमध्ये ठरवलेली तशीच घेऊन समुद्रात उतरलेला माणूस पहिल्या दिवशी बुचासारखा तरंगतो आणि त्याला वाटतं आपल्याला जमत नाही.

पुणेरी_फिन्स
हिशोब सोपा आहे. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. माणूस, सूट, सिलिंडर मिळून 90 किलोच्या आसपास, म्हणजे समुद्रात सव्वादोन किलो वजन जास्त लागणार. सूट जाड असेल तर आणखी.

दुसरी चूक याहून जास्त होते. वजन तपासतात भरलेल्या सिलिंडरवर. नेहमीचा ॲल्युमिनियमचा 11.1 लिटरचा सिलिंडर 200 बारला (बार हे दाबाचं माप) भरला की आत 2,200 लिटर हवा असते, आणि हवेलाही वजन असतं. 50 बारपर्यंत येईतो दोन किलो हलका होतो. सुरुवातीला बरोबर तोललेला माणूस शेवटी 5 मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीचा थांबा) थांबूच शकत नाही, वर सरकत राहतो. म्हणून तपासणी अशी: बीसीडी पूर्ण रिकामं, श्वास नेहमीसारखा धरलेला, सरळ उभं, पाणी डोळ्यांच्या रेषेत. श्वास सोडला की हळू बुडायला हवं. हे भरलेल्या सिलिंडरवर करत असाल तर वर दोन किलो घाला. ही तपासणी न करता "तुझं वजन सत्तर ना, मग सहा किलो बांध" म्हणणारा प्रशिक्षक दिसला तर दुकान बदला, समुद्र कोणताही असो.

नाखवा
कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाचं नाव कुणीच काढलं नाही. मुरुडेश्वरहून होडीने साधारण दीड तास, पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ, खोली हवी तेवढी. कोकण रेल्वेने जाता येतं, विमानाचा खर्च नाही. अडचण अशी की होडी उघड्या समुद्रात थांबते आणि उलटी होणारे फार. कोर्सच्या दिवशी पोट रिकामं ठेवू नका आणि भरगच्चही नको. गोळी घ्यायची तर आदल्या दिवशी घेऊन बघा, झोप येणारी असेल तर ती घेऊन पाण्यात उतरू नका. करंट असेल तर त्या दिवशी सराव होत नाही, नुसतं दोर धरून राहणं होतं. एक दिवस हातचा ठेवा.

को_ताओ_वारी
जून ते सप्टेंबर काय करणार? कोकण बंद, नेत्राणी बंद, अंदमानात पाऊस. त्याच वेळी थायलंडच्या आखातात को ताओ बेट चांगलं असतं. तिथला वाईट काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर. बँकॉकहून रात्रीची बस किंवा रेल्वे चुम्फोनपर्यंत, तिथून कॅटामरान. कोर्स साधारण दहा-बारा हजार बाटमध्ये होतो, अंदमानात तीस हजार रुपयांच्या पुढेच जातो. म्हणजे फी जवळपास तेवढीच, फरक पडतो विमानाचा. तिथे प्रशिक्षकांची स्पर्धा असल्यामुळे उपकरणं बदलती आणि नवी असतात.

खारावारा
आणि गर्दी? नियमाने समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात. आठ ही कमाल मर्यादा आहे, शिकवण्याची संख्या नव्हे. एकाला मास्क काढायला सांगितलं की बाकी सात जण गुडघ्यावर बसून हवा जाळतात.

को_ताओ_वारी
म्हणून बुक करताना एकच प्रश्न विचारायचा: जास्तीत जास्त किती? "चार" असं लेखी मिळत असेल तर घ्या. हाच प्रश्न हॅवलॉकलाही विचारा, तिथेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काही वेगळं नसतं.

हवेचा हिशोब करून बघा. 200 बारपैकी 50 राखून 150 बार वापरायचे, म्हणजे 1,665 लिटर. 10 मीटरवर दाब दुप्पट. शांत माणूस वर मिनिटाला 20 लिटर घेतो तर तिथे 40, म्हणजे 41 मिनिटं. घाबरलेला नवशिक्या वर 30 घेतो, तिथे 60, म्हणजे जेमतेम 27 मिनिटं. आठ जणांचा तास त्यातच संपतो.

कानतज्ज्ञ_नाही_पण
जागेची चर्चा छान चाललीय, पण कोर्स अर्धवट सुटतो तो बहुतेक कानामुळे आणि कागदामुळे.

कागद आधी. मेडिकल फॉर्मवर दहा मुख्य प्रश्न असतात: दमा, कानाचं ऑपरेशन, फिट, हृदय, नियमित औषधं वगैरे. काही प्रश्नांना "हो" आलं तर डॉक्टरांची सही लागते. ती गावातून घेऊन निघा. हॅवलॉकच्या जेटीवर सही देणारा डॉक्टर शोधत बसलात तर कोर्सचा पहिला दिवस गेला. आणि "नाही" वर टिकमार्क करून मोकळे होऊ नका. दमेकऱ्याच्या फुप्फुसात हवा अडकली आणि तो वर आला तर ती हवा फुगते, तिथे कुणाची फी उपयोगी पडत नाही.

कान: पहिल्या तीन मीटरमध्येच कानातल्या हवेचा आकार जवळपास चौथ्या हिश्श्याने घटतो, म्हणून दुखणं तिथेच सुरू होतं, पंधरा मीटरवर नाही. नाक दाबून हलकेच फुंकायचं, दर मीटरला, आणि दुखण्याआधी. दुखल्यावर जोर लावला तर कान आणि नाक जोडणारी नळी आणखी घट्ट मिटते. अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. उतरताना पाय खाली ठेवून, दोराला धरून उतरा. सर्दी असेल तर पाण्यात जाऊ नका, गोळी घेऊनही नाही. पाण्याखाली असतानाच गोळीचा असर ओसरला तर हवा आत अडकते आणि वर येताना कान फुटू शकतो.

आणि मिशीवाल्यांसाठी: मास्कमध्ये पाणी सारखं येतंय म्हणून नवा मास्क घेऊ नका. नाकाखालची दोन-तीन मिलिमीटर मिशी काढा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. नवा मास्क धुकं धरत असेल तर काचेवरचा कारखान्यातला थर टूथपेस्टने आतून घासून काढा. धुकं टाळायला काचेवर थुंकी चोळणं ही त्यानंतरची गोष्ट.

तळकोकणी
मास्कचं बोललातच तर, पाणी काढताना लोक मान मागे टाकायच्या आधीच फुंकतात आणि पाणी नाकात जातं. वरची कड कपाळाला दाबा, मान किंचित वर, मग नाकातून सलग सोडा. ओठ माउथपीसवर (तोंडात धरायची श्वासाची नळी) घट्ट. हे दीड मीटरच्या पूलमध्ये वीसदा करा. ज्याला मास्क नसताना एक मिनिट श्वास घेता येतो तो मालवणातही पास, अंदमानातही.

खारावारा
तळकोकणींचं टाकीचं म्हणणं मी मान्य करतो: टाकी किंवा पूल मिळत असेल तर उथळ सत्रं घराजवळच करा. समुद्राबद्दल माझं मत तेच, पहिल्या चार डाइव्ह स्वच्छ पाण्यात. मालवणचं पाणी पाचव्या डाइव्हपासून, गढूळपणा शिकायला.

तळकोकणी
पाचव्या डाइव्हपासून तरी येवा म्हणजे झालां.

पुणेरी_फिन्स
दुकान निवडताना आणखी काही, कुठलंही असो. प्रशिक्षकाचा क्रमांक विचारा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो चालू आहे का बघा. शिकवणारा आणि सही करणारा एकच माणूस आहे ना हेही विचारा, हंगामात ते बदलतं. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची तपासणी) तारीख कोरलेली असते. पाच वर्षांच्या आतली असावी. होडीवर ऑक्सिजनचा संच कुठे आहे ते दाखवायला सांगा. "आहे हो" म्हणणाऱ्याने डबा उघडून दाखवला तर खरं. फीमध्ये ई-लर्निंग आणि कार्डाचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या.

नाखवा
आणि परतीचं विमान. एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस झाले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास उड्डाण नको. हॅवलॉकहून बोटीने श्री विजय पुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला यायचं आणि मग विमान, त्यामुळे डाइव्ह आदल्या दुपारी संपवून सकाळच्या विमानाला बसता येत नाही. बोटही हवामानावर रद्द होते. शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यामध्ये पूर्ण एक दिवस कोरडा ठेवा. सेल्युलर जेल त्याच दिवशी बघून होतो.