हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या पावसाळ्यात चढाव्यात का?

प्रश्न: मी नाशिकरोडला राहतो. वय ५२ असून आजवर अंजनेरी दोनदा आणि लोखंडी शिड्यांच्या वाटेने कळसूबाई (१६४६ मीटर) एकदा केले आहे. मुलीसोबत श्रावणात निरगुडपाड्याहून हरिहर करण्याचा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

पहिले उत्तर: चढणे अवघड नाही, उतरणे अवघड आहे. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या असून प्रत्येक पायरीवर बोटे रोवण्यासाठी खोबण्या आहेत. पावसात त्याच खोबण्यांत पाणी साचून शेवाळ धरते, आणि खाली येताना पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. म्हणून शिडी उतरतो तसे, कातळाकडे तोंड करूनच उतरावे. शनिवार-रविवारी तर जाऊच नका. मागच्या पावसाळ्यात पायऱ्यांच्या मधोमध आम्ही पाऊण तास ताटकळलो होतो, कारण वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर अडकले होते आणि मागे फिरायला कोणी तयार नव्हते (छायाचित्रे मात्र सुरू होती).

दुसरे उत्तर: वरील मताशी सहमत. पाठीवरची पिशवी लहान ठेवा, छत्रीऐवजी रेनकोट घ्या आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लक्षात ठेवा. माझे मत विचाराल, तर हरिहर डिसेंबरात करा. श्रावणात पुन्हा अंजनेरीच बरी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुलगी रुसली आहे, पण डिसेंबर ठरला.