दुसरं फेसलिफ्ट करावं की नाही?

रानजाई

अमेरिकन टीव्हीवरच्या कार्दशियन बहिणींची आई क्रिस जेनर हिने पहिलं फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची आणि मानेची सैल कातडी ताणून घेण्याचं ऑपरेशन, २०११ साली टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा एकदा केल्याचं स्वतःच सांगून टाकलं. तिचा पैसा आणि तिची प्रसिद्धी बाजूला ठेवू. पंचावन्नच्या सुमारास केलेलं सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा करावं का, हा प्रश्न मात्र माझ्या घरातलाच आहे.

माझं वय ६३. पहिलं ५१व्या वर्षी केलं, त्याचं समाधान भरपूर मिळालं. आता हनुवटीखालची कातडी परत सैल पडली आहे, जबड्याची रेघ पुसट झाली आहे आणि बोलताना मानेवर दोन उभे पट्टे ताणलेले दिसतात. सर्जन म्हणतात, करता येईल, जुन्या टाक्यांच्या रेषेतूनच जाऊ. सून म्हणते करा. बहीण म्हणते, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" गुडघा बदलला तेव्हा तिने हा प्रश्न विचारला नव्हता. माझा कल करण्याकडे आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा, मला तो ऐकायचा आहे.

कृष्णाकाठ

माझा विरोध आहे. गुडघ्याशी केलेली तुलना पटत नाही. गुडघा बदलला नाही तर जिना चढता येत नाही. मानेवरच्या पट्ट्यांनी तुमचं काय अडलं आहे? धडधाकट माणसाने हौसेने भूल घ्यायची आणि तीही दुसऱ्यांदा, हे मला मान्य नाही. शिवाय याला शेवट कुठे? ५१ला एक, ६३ला दुसरं, मग पंचाहत्तरीला तिसरं का नाही? हॉलिवूडची अभिनेत्री जेन फोंडा हिने फेसलिफ्ट केलं होतं, पण पुढे चेहरा विद्रूप दिसायला नको म्हणून आपण थांबलो आणि केल्याचा अभिमान वाटत नाही, असं तिने उघड सांगितलं. सगळं परवडत असलेल्या बाईने थांबायचं ठरवलं, याला मी वजन देते.

सावनी

कृष्णाकाठताई, "काय अडलं आहे" हे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्यांना कुणी दिला? माझी आई पासष्टाव्या वर्षी शिकवण्या घेते. रोज आरशात दमलेला चेहरा दिसतो आणि विद्यार्थ्यांचे पालक रोज विचारतात, "बाई, बरं वाटत नाही का?" तिला काहीही झालेलं नसतं. हे रोज ऐकून माणूस खचतो. केस रंगवणं चालतं, दात बसवणं चालतं, आणि इथे आलं की लगेच "या वयात" सुरू होतं. रानजाईताई, तुमचे पैसे, तुमचा चेहरा. करा.

ओटीतली ताई

मी प्लास्टिक सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. "तुमचा चेहरा, करा" एवढ्यावर हे सोडू नका. दुसरं फेसलिफ्ट म्हणजे पहिल्याचीच पुन्हा आवृत्ती नव्हे.

पहिल्या वेळी जादा कातडी असते, ती कापून टाकतात. दुसऱ्या वेळी जादा कातडी फारशी उरलेली नसते. तरीही कातडीच ओढली तर तोंड रुंद झाल्यासारखं दिसतं, कानाची पाळी खाली खेचली जाऊन गालाला चिकटते आणि कानापुढचे केस इतके मागे जातात की तिथे नुसतं कपाळ दिसावं तशी मोकळी कातडी राहते. अंबाडा घातला की कानामागचा व्रण उघडा पडतो. म्हणून चांगला सर्जन कातडीवर ताण देत नाही, आतला थर उचलतो. या थराला स्मास म्हणतात; मिट्झ आणि पेरॉनी यांनी त्याचं वर्णन १९७६ मध्ये केलं. त्याच्याही खालून जाणारं डीप प्लेन तंत्र हॅम्रा यांनी १९९० मध्ये मांडलं. पण पहिल्या वेळी त्या थरात हात घातलेला असेल तर तिथे सगळं व्रणाने चिकटलेलं असतं, आणि चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या तिथूनच जातात. म्हणून तुमचं पहिलं ऑपरेशन कुठल्या थरात झालं, याची नोंद मिळवा. ती नसेल तर सर्जनला अंदाजाने पुढे जावं लागतं.

भीती रक्त साकळण्याची असते. बहुतेक वेळा ते पहिल्या चोवीस तासांत होतं, एका बाजूचा गाल अचानक फुगून दुखायला लागतो आणि पेशंटला परत टेबलावर घ्यावं लागतं. बीपी वर असेल तर धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही.

तंबाखूबद्दल विचारलं की बायका "नाही" म्हणतात. मग कळतं की सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कानामागची कातडी काळी पडून गळू शकते. हे मी पाहिलं आहे, म्हणून एवढं ठासून लिहिते.

आणखी एक. साठीनंतर चेहरा नुसता लोंबत नाही, आतली चरबी आणि हाडही कमी होतं. ओठांवरच्या बारीक रेषाही फेसलिफ्टने जात नाहीत. पोकळ झालेला गाल कितीही ओढला तरी भरत नाही. त्याला पोटाची किंवा मांडीची चरबी भरावी लागते आणि तीही सगळी टिकत नाही. माझं मत: तक्रार मानेची असेल तर अख्खा चेहरा उघडू नका.

पिंपळपान

ताईंच्या माहितीला मान देऊन थोडं वेगळं सांगते. मी दुसरं केलं आहे. पहिल्या वेळच्या ओढकामाने माझी डावी पाळी गालाला अशी चिकटली होती की कुडी घातली की ती पुढे वाकून बसायची, कानाला लागून राहायचीच नाही. दुसऱ्या वेळी सर्जनने मानेचे पट्टे शिवले आणि पाळी सोडवून पुन्हा नीट बसवली. म्हणजे दुसरं ऑपरेशन हे पहिल्याचं बिघडलेलं निस्तरण्यासाठीही असतं, हे धाग्यात यायला हवं. पाळी आणि कानाखालचा भाग बरेच महिने बधिर होता, फोन कानाला लावला तरी कळायचं नाही. तरीही मी समाधानी आहे. थ्रेड लिफ्ट, म्हणजे कातडीखाली दोरे घालून ती उचलणं, मात्र आधी करून पाहिलं होतं, दोरे विरघळले आणि मान होती तिथेच आली.

दादरकर

खर्चाचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. सौंदर्यासाठीची सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही, आणि जन्मजात व्यंग किंवा अपघातासाठी नसेल तर वर जीएसटीही लागतो. गुंतागुंत झाली तर तो खर्चही बहुधा स्वतःचाच. निवृत्तीच्या पैशातून हे करणार असाल तर दोनदा विचार करा. आणि सर्जनची एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी प्लास्टिक सर्जरीतलीच आहे ना, हे नोंदणीत बघा. पाटीवर "कॉस्मेटिक" लिहिलेला प्रत्येक जण प्लास्टिक सर्जन नसतो.

कृष्णाकाठ

पिंपळपान, तुमचा अनुभव माझ्याच बाजूने बोलतो असं मला वाटतं. पहिलं केलं नसतं तर पाळी सोडवायची वेळच आली नसती. सावनी, आईला "बरं नाही का" विचारणाऱ्या पालकांना गप्प करायला हवं, आईच्या मानेवर सुरी चालवून ते कसे गप्प होतील?

सावनी

पालक सुधारेपर्यंत आईने वाट बघायची का? ती आज पासष्टची आहे.

रानजाई

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ओटीतल्या ताई, डिस्चार्ज कार्ड शोधलं, त्यावर ऑपरेशनचं नाव आणि भुलीचा प्रकार एवढंच आहे. हॉस्पिटलने इतक्या जुन्या नोंदी ठेवलेल्या नाहीत. पहिले सर्जन अजून प्रॅक्टिस करतात, त्यांना लेखी विचारलं आहे. मिश्री, तंबाखू नाही. बीपीची गोळी चालू आहे आणि रीडिंग दर वेळी ठीक येतंच असं नाही, म्हणून आधी फिजिशियन. तोवर तारीख घेणार नाही. घेतलीच तर फक्त मानेसाठी, आणि त्याआधी दुसऱ्या एका सर्जनचं मत घेईन, ज्यांचा पहिल्यांशी संबंध नाही.

कृष्णाकाठ, "काय अडलं आहे" याचं उत्तर देते. मी कीर्तन करते. उभी राहते तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांची नजर माझ्या गळ्यावर येते आणि माझं लक्ष अभंगावरून उडतं. पहिल्या ऑपरेशननंतर ती नजर मी विसरले होते. मला पुन्हा विसरायची आहे.

कृष्णाकाठ

हे आधी लिहिलं असतंत तर मी "हौसेने" हा शब्द वापरला नसता. विरोध मात्र कायम आहे. पंचाहत्तरीला मान पुन्हा सैल होईल तेव्हाही तुम्ही कीर्तन करत असाल. तेव्हा काय करणार?

रानजाई

तेव्हा पुन्हा विचार करेन. पंचाहत्तरीला करणार नाही, असं आज लिहून देणार नाही.