एक डोस झाला होता, तरीही
पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्यात पिल्लू गमावलेल्या कुणीतरी लिहिलेलं "लस दिली होती तरी पार्व्हो झाला, म्हणजे आमचंच काहीतरी चुकलं" हे वाचलं आणि राहवलं नाही. नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. आईच्या चिकातून (पहिल्या दुधातून) आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लसीला काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तर ते १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस देतात. आमचा मोती ११ आठवड्यांचा होता. पाच दिवस सलाइन, आणि सहाव्या दिवशी नुसता पट्टा घेऊन घरी आलो. पैशांचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना रोजचा अंदाजे खर्च विचारून घ्यावा, त्यात लाज कसली. आम्ही संकोच केला, शेवटी अंगठी मोडली.

दुसरं पिल्लू मात्र लगेच आणू नका. हा विषाणू घरात-अंगणात महिनोन्महिने तग धरतो, नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवायची. मोतीची वाटी तेवढी माझ्याच्याने धुववली नाही, टाकवलीही नाही; पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलीय.