आजी, दोन मुले आणि युरोपातील रेल्वेप्रवास : पास घ्यावा की सुटी तिकिटे?

प्रश्न : वाटसरू

येत्या जूनमध्ये आम्ही पाचजण साधारण दोन आठवड्यांसाठी युरोपात जाणार आहोत. मी, यजमान, १३ आणि ९ वर्षांची दोन मुले आणि अडुसष्टीच्या सासूबाई. शहरांदरम्यानचा विमानप्रवास टाळून सर्व प्रवास रेल्वेने करावा, असे सर्वांच्या मनात आहे. सध्याचा क्रम ॲम्स्टरडॅम, पॅरिस, ल्यूसर्न, व्हेनिस, व्हिएन्ना आणि प्राग असा ठरवला आहे. युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) घेणे फायद्याचे ठरेल की प्रत्येक टप्प्याचे तिकीट स्वतंत्र काढावे? व्हेनिस ते व्हिएन्ना हा मोठा टप्पा दिवसा करावा की रात्रीच्या गाडीने? सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रूळवाट

पासचा हिशेब मांडताना केवळ अंतराकडे पाहू नये, आरक्षण कुठे सक्तीचे आहे हे आधी पाहावे. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असलेला युरेल पास हातात असला, तरी फ्रान्समधील टीजीव्ही, ॲम्स्टरडॅम-पॅरिस धावणारी युरोस्टार, स्वित्झर्लंडहून मिलानला जाणारी युरोसिटी आणि इटलीतील फ्रेचारोसा या गाड्यांत जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावेच लागते. शिवाय युरोस्टार आणि टीजीव्हीमध्ये पासधारकांसाठी मोजक्याच जागा राखलेल्या असतात, त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी पासचा उपयोग नाही. आपल्या मार्गाचा पूर्वार्ध जवळपास पूर्णपणे अशाच गाड्यांचा आहे. "वाटेल तेव्हा वाटेल त्या गाडीत बसा" हे पासचे खरे सुख जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील देशांतर्गत गाड्यांत मिळते, कारण तेथे बहुतेक ठिकाणी आरक्षण ऐच्छिक असते.

मुलांच्या बाबतीत नियम आणखी गमतीचे आहेत. युरेलमध्ये ४ ते ११ वर्षांचे मूल प्रौढ पासधारकाबरोबर विनामूल्य प्रवास करते (आरक्षणाचे शुल्क मात्र त्यालाही पडते), म्हणजे धाकट्याचा प्रश्न सुटला. पण १२ वर्षे पूर्ण झाली की तरुणांचा पास घ्यावा लागतो, म्हणून थोरल्याचे पैसे मोजावे लागतील. याउलट जर्मन रेल्वेत ६ ते १४ वर्षांची मुले मोठ्यांबरोबर फुकट जातात, फक्त त्यांची नोंद तिकीट काढतानाच करावी लागते. फ्रान्समध्ये पुन्हा सवलतीची रेषा बाराव्या वर्षाशी येऊन थांबते. त्यामुळे कोणी "आमच्या कुटुंबाला पास स्वस्त पडला" असे सांगितले, तर आधी त्यांच्या मुलांची वये विचारावीत.

माझे मत असे की या मार्गासाठी सुटी तिकिटे, तीही विक्री खुली होताच काढलेली, अधिक सोयीची ठरतील. लवकर काढलेले स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरते असते आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, हे मात्र गृहीत धरावे.

उत्तर : सावकाश

वरील मताशी सहमत आहे, पण त्याआधीचा प्रश्न असा की दोन आठवड्यांत सहा मुक्काम हवेतच कशाला? प्रत्येक स्थलांतराला खोली सोडणे, स्थानक गाठणे, बॅगा चढवणे-उतरवणे आणि नव्या गावी पुन्हा खोली मिळेपर्यंत थांबणे यांत अख्खा दिवस जातो, गाडी तीनच तासांची असली तरीही. एक शहर गाळावे. मी प्राग गाळले असते. व्हिएन्नाहून ते सुमारे चार तासांवर आहे, चलनही वेगळे आहे, आणि परतीचे विमान व्हिएन्नाहूनच धरता येते.

पॅरिसमध्ये गाडी कोणत्या स्थानकावर येते आणि कोणत्या स्थानकावरून सुटते हे नीट पाहावे. ॲम्स्टरडॅमची गाडी गार दु नोरला येते, तर स्वित्झर्लंडची गाडी गार द लियोंहून सुटते. बासेलपर्यंत टीजीव्हीने साधारण तीन तास आणि तेथून ल्यूसर्नला तासाभराची स्थानिक गाडी, हा मार्ग उत्तम.

ल्यूसर्नहून व्हेनिससाठी मिलानकडे जाताना सर्वांत वेगवान गाड्या २०१६ साली खुल्या झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गोट्टहार्ड पायथा बोगद्यातून जातात. अभियांत्रिकीचा हा अचाट नमुना खरा, पण खिडकीतून दिसतो तो निव्वळ काळोख! वेळ असेल तर १८८२ सालच्या जुन्या डोंगरी मार्गाने धावणारी त्रेनो गोत्तार्दो ही गाडी घेऊन बेलिन्झोनाला बदल करावा. वासेन गावाजवळ रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत चढत जातो आणि त्यामुळे तेथील एकच लहानसे चर्च तीन वेगवेगळ्या उंचीवरून दिसते. पहिल्यांदा ते डोक्यावर असते, शेवटी पायाशी. मुलांना आधी सांगून ठेवावे, मग ती खिडकी सोडणार नाहीत.

मिलानला गाडी बदलताना किमान तासभर हाताशी ठेवावा. दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असतील आणि पहिली गाडी उशिरा पोहोचल्याने दुसरी चुकली, तर नव्या तिकिटाचा भुर्दंड आपल्यालाच पडू शकतो. उशीर झाल्यास युरोपीय संघाच्या नियमांनुसार साधारणपणे ६० मिनिटांपासून २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून ५० टक्के भाडे परत मागता येते, पण हुकलेली गाडी काही त्याने परत येत नाही.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. प्राग गाळण्यावर घरी चर्चा सुरू झाली आहे. मुलांचा विरोध आहे. रात्रीच्या गाडीबद्दल कोणी सांगू शकेल का?

उत्तर : मधला_बर्थ

सासूबाई बरोबर असताना मी दिवसाचीच गाडी सुचवेन. नाइटजेटमध्ये (ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाडीत) कुटुंबासाठी संपूर्ण कक्ष घेता येतो आणि एका रात्रीच्या हॉटेलचे भाडे वाचते, हे खरे. पण कुशेतमध्ये, म्हणजे साध्या बर्थच्या डब्यात, वरच्या बर्थवर शिडीने चढावे लागते, खालच्या बर्थवर नीट ताठ बसता येत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला रात्री स्वच्छतागृहापर्यंत जाण्याचाही त्रास होतो. शिवाय दिवसाची थेट गाडी व्हिएन्नाला पोहोचण्यापूर्वी १८५४ साली खुल्या झालेल्या सेमेरिंगच्या घाटरेल्वेमार्गाने जाते, आणि तेथील दुमजली कमानींचे पूल अंधारात पाहण्यात काय अर्थ आहे?

व्हेनिसमध्ये मात्र राहण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. सांता लुचिया स्थानकाबाहेर पडताच समोर मोठा कालवा आणि जलबसचा थांबा आहे. पण तेथून हॉटेलपर्यंत वाटेत किती पूल लागतात हे नकाशावर मोजून पाहावे, कारण बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि चाकांच्या बॅगेचा तेथे काहीच उपयोग नसतो. पूल फार असतील तर मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथे राहून दहा-बारा मिनिटांच्या गाडीने ये-जा करणे सुसह्य होईल. इटलीतील प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घेण्यास विसरू नये.

हालचालीस त्रास होणाऱ्या प्रवाशांना स्थानकावर चढण्या-उतरण्यासाठी विनामूल्य मदत मिळते, पण ती एकदोन दिवस आधी नोंदवावी लागते. ती संकोच न करता मागावी. जुन्या डब्यांच्या दारातील पायऱ्या उंच असतात आणि मधल्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. म्हणून बॅगा माणशी एक आणि स्वतःला उचलता येईल एवढीच असावी. जर्मनी-ऑस्ट्रियातील फलाटांवर आपला डबा कोणत्या अक्षराच्या खुणेसमोर येईल ते फलकावर लिहिलेले असते, तेथेच आधी जाऊन उभे राहावे.

उत्तर : रूळवाट

एक भर घालतो. ल्यूसर्नला तीन-चार दिवस राहणार असाल, तर तेवढ्यापुरता स्विस ट्रॅव्हल पास विचारात घ्यावा. त्यासोबत मिळणाऱ्या फॅमिली कार्डावर आई किंवा वडिलांबरोबर १६ वर्षांखालील मुले फुकट फिरतात, म्हणजे थोरल्याचेही तिकीट वाचते. ल्यूसर्नच्या सरोवरातील बोटी आणि रिगीची डोंगररेल्वे त्यात समाविष्ट आहे. युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीच्या रेल्वेला मात्र केवळ सवलत मिळते, त्यामुळे तिकडे जाणार असाल तर तो खर्च वेगळा धरावा.