मदत हवी आहे : ओसाका आणि मिनो धबधब्याचे छायाचित्रण

नमस्कार. नोव्हेंबरच्या अखेरीस, मेपलची पाने लाल होतात त्या सुमारास, मी केवळ छायाचित्रणासाठी जपानमधील ओसाकाला जाणार आहे. शहरातील दोतोनबोरी भागातल्या कालव्यात पडणारी निऑन पाट्यांची प्रतिबिंबे आणि शहराच्या उत्तरेला डोंगरात असलेला ३३ मीटर उंचीचा मिनो धबधबा ही ठिकाणे नक्की केली आहेत. ओसाकाचा किल्ला वेळ उरल्यास पाहीन. धबधबा दाट झाडीच्या दरीत असल्याने तेथे प्रकाश सकाळी चांगला मिळतो की दुपारनंतर, आणि पाण्याची संथ धार टिपण्यासाठी लागणारा ट्रायपॉड त्या दिवसांतील गर्दीत पायवाटेवर उभा करता येतो का, हे तेथे जाऊन आलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे. कालव्यावरील पुलावर हातात कॅमेरा धरूनही भागेल असे वाटते, परंतु धबधब्यासाठी एनडी फिल्टर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश कमी करणारी काच) किती स्टॉपचा, म्हणजे किती प्रमाणात प्रकाश कमी करणारा, घ्यावा?