दिवाळीच्या सुट्टीत तीर्थन नदीवर मुलांसोबत तंबू आणि ट्राउट: जमेल का?

धरमपेठ_गळवाला
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मुलं ९ आणि १३ वर्षांची) नागपूरहून हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं म्हणतोय. तीन रात्री तंबूत, आणि थंड पाण्यातला ट्राउट मासा धरायचा. आजवरची मासेमारी तलावावरची, कणकेच्या गोळीची. फ्लाय रॉड (पिसं-दोऱ्याची नकली माशी फेकायची काठी) कोणता घ्यावा? सराव इथे कसा करावा?

पाणकाठ
भाऊ, तिकिटं काढण्याआधी तारीख बदला. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. याच दिवसांत ब्राउन ट्राउट बारीक गोट्यांत खळगा करून अंडी घालते. वरून कुणाचा पाय पडला की अंडी चिरडली. नागपूरकरांनी ऑक्टोबरात जावं, नाहीतर परीक्षा संपताच एप्रिलच्या सुरुवातीला. मेमध्ये इथल्या उन्हाला कंटाळून सगळे डोंगर गाठतात, पण तेव्हा बर्फ वितळून नदी फुगते, गढूळ होते, माशाला गळावरची माशी दिसत नाही.

मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. किती मासे, किती लांबीचे ठेवता येतात, तेही तिथेच विचारा.

रॉड ८ फुटी, ४ नंबरचा, चार तुकड्यांचा घ्या. तुकडा साधारण दोन फुटांचा, बर्थखाली सहज मावतो. (नंबर म्हणजे लाइनचं वजन.) त्यावर ४ नंबरचीच तरंगणारी लाइन, साडेसात फुटी लीडर (लाइनपुढचा निमुळता दोरा) आणि पुढे दोन फूट ५एक्स जाडीचं टिपेट (माशी बांधायचा बारीक दोरा). माश्यांत तरंगणाऱ्या अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस १४-१६ नंबरच्या गळावरच्या, बुडणारी फेझंट टेल १६ची. प्रत्येकी चार तरी हव्यात, काठची झाडं बऱ्याच खातात. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका: मासा सोडताना जखम कमी होते, आणि मुलाच्या बोटात गळ रुतलाच तर सरळ निघतो.

सावनेर_नदीप्रेमी
सरावाला गवताचं मोकळं मैदान बघा. डांबरावर लाइन घासून खराब होते. फुटाळा तलावाच्या काठी नको, मागे माणसं असतात. गळाऐवजी लाल लोकरीची गाठ बांधा. नवशिक्याची एकच चूक होते: लाइन मागे पूर्ण उलगडायच्या आत रॉड पुढे ढकलतो. मग चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते. मान वळवून मागे बघा, लाइन सरळ झाली की मगच पुढे.

गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतो. माशी गेली की टिपेटचं टोक बघा: डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली, सरळ तुटलं असेल तर दोरा तुटला.

धरमपेठ_गळवाला
तारीख ऑक्टोबरला ढकलली. मासा माशी उचलतच नसेल तर?

पाणकाठ
बहुतेकदा माशी ओढली जात असते. मधला प्रवाह जोराचा, दगडाआडचं पाणी संथ. लाइन मधल्या धारेवर पडली की माशीला फरफटत नेते, आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने वाकून जा, दोन-तीन रॉडच्या लांबीइतक्या अंतरावरून टाका, रॉडचं टोक उंच धरून लाइन पाण्यावरून उचललेली ठेवा.

तंबू काठावर पुराने आणलेल्या काटक्या-पाचोळ्याची रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर लावा. धाकट्याला गुडघ्यापुढे पाण्यात जाऊ देऊ नका, आणि लाइफ जॅकेट काठावरही अंगात असू द्या.